चाचणी बुडवणारी मुलगी

आई गेली, आणि खोपोलीच्या कारखान्यात बाबांची पाळी दर आठवड्याला बदलायची. म्हणून अपेक्षाला पळसदरीला मावशीकडे धाडलं आणि कर्जतच्या शाळेत नववीत घातलं. तिच्याआधी तिची बातमी शाळेत पोचली होती. शिक्षक तिच्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलत. गृहपाठ राहिला तर, "असू दे गं बाळा." पोरी आपला डबा आधी तिच्यापुढे धरत. अपेक्षाला वाटे, एखादीने तरी आपली वेणी ओढावी!

ओढली ती बाकावर शेजारी बसणाऱ्या नम्रताने. "एक काम करशील गं? गणिताची चाचणी हाय. तू जरा रड ना. आमचा कुणाचाच अभ्यास नाय झाला."

अपेक्षा चाटच पडली. मग कितीतरी दिवसांनी तिला हसू फुटलं. ते लपवायला तिने तोंडावर रुमाल धरला, तर खांदे हलायला लागले. सरांनी घाईघाईने प्रश्नपत्रिका पिशवीत कोंबल्या. मधल्या सुट्टीत वर्गाने तिला ओंजळभर बोरं दिली. पुढच्या आठवड्यात भूगोलाची चाचणीही अशीच बुडाली.

तिसरी पद्मजाबाईंची, संस्कृतची. रुमाल वर जाताच बाई खुर्चीत बसल्या.

"रड. सावकाश रड. आम्ही थांबतो."

अपेक्षाने डोळे चोळचोळ चोळले. टिपूस येईना. नम्रता फिसकन हसली, पाठोपाठ अपेक्षाही.

"दोघी बाहेर!"

व्हरांड्यात नम्रताने विचारलं, "तुझ्या आयला कळलं असतं तर?"

"लाटणं फेकलं असतं. नेम नव्हता तिला. एकदा बाबांनाच लागलं, बिचारे भाकरी खात बसलेले."

दोघी खिदळल्या. खिदळता खिदळता अपेक्षाचा आवाज फाटला आणि ती खरीच रडायला लागली, नाक गळेपर्यंत. नम्रता घाबरली. "ए, आता कशाला गं? आता कुठं चाचणी हाय?"

बाई दारात आल्या. आपली पाण्याची बाटली पुढे केली.

"तोंड धू. आत ये. आणि बुडालेल्या दोन्ही चाचण्या शनिवारी. अख्ख्या वर्गाच्या."

आतून वर्ग एका सुरात कण्हला.

शनिवारी गणितात अपेक्षाला वीसपैकी चार पडले, नम्रताला तीन. स्टेशनकडे जाताना नम्रता म्हणाली, "बाबांना लाटणं कुठं लागलं होतं गं?"

"टाळक्यात," अपेक्षा म्हणाली, आणि अगदी पहिल्यापासून सांगू लागली.