तळ्याकडे जाणारी साडेआठची बस

मित्रांनो, रेल्वे स्थानकाबाहेर जी निळी, जराशी डावीकडे कललेली बस उभी असते, ती मी. पाहणाऱ्याला मी म्हातारी वाटते. खरे सांगायचे तर मी दमले आहे, आणि हा दम घाटाच्या चढाने लागलेला नाही.

दूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. जाड पत्रा, बेचाळीस आसने आणि डोंगर दिसावेत म्हणून मुद्दाम रुंद ठेवलेल्या खिडक्या. रंगाचा शेवटचा हात देऊन झाल्यावर रंगाऱ्याने माझ्या पाठीवर थोपटले होते. इतक्या मायेने मला पुढे फार थोड्यांनी हात लावला.

माझे काम एकच. आगगाडीने आलेल्या प्रवाशांना एकोणीस किलोमीटरचा घाट चढवून डोंगरातल्या तळ्याकाठी न्यायचे आणि परत आणायचे. माझे चालक पहिल्या दिवसापासून तेच आहेत. दर वळणावर ते "हळू, बाई, हळू" असे मला समजावतात, म्हणून सारे त्यांना हळूकाका म्हणतात. तिकिटे देणारी मावशी त्यांची मेहुणी आहे. त्यामुळे घरातली भांडणेही विनातिकीट माझ्यातूनच प्रवास करतात.

"भाऊजी, मघाशी एक गोगलगाय आपल्याला ओलांडून गेली."

"मग तिला हात करायचा होतास. तू तरी वेळेवर पोहोचली असतीस."

प्रवासी खळखळून हसत. अर्ध्या घाटात, माझे इंजिन निवेपर्यंत, आम्ही झऱ्यापाशी थांबत असू. तेवढ्यात मावशी विचारून घेई, "मुक्कामाला किती जण?" मग झऱ्याजवळच्या दुकानातून ती वर फोन करी, आणि आम्ही पोहोचेपर्यंत तळ्याकाठच्या घरांतून अंथरुणे घातलेली असत. हळूकाकांच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे, नऊ खोल्यांचे अतिथिगृह याच एका फोनवर उभे राहिले.

मग रस्ता रुंद झाला. मला आनंदच झाला. वाटले, आता वळणे सोपी होतील. पण त्या रुंदीवर मोटारी आल्या. एका मोटारीत दोन माणसे, फार तर तीन. त्यांना उभे राहायला जागा हवी, म्हणून तळ्याकाठची झाडे गेली. मग जिथे पाणपक्षी अंडी घालत ती दलदल भरून तिच्यावर डांबर पडले. माझ्यातून येणारा माणूस तीन-चार रात्री राहत असे. मोटारीने येणारा तासभर जागा शोधतो, पाण्याकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढतो आणि उन्हे कलायच्या आत निघून जातो. आक्कांच्या नऊ खोल्यांपैकी सहांना कुलपे लागली. झऱ्यापाशी मावशी अजूनही विचारते, "मुक्कामाला किती?" आणि उत्तराची वाट न पाहता खिडकीबाहेर बघते.

या वसंतात बसगाड्यांच्या मुख्य कचेरीतून पत्र आले. प्रवासी नसतील तर ही फेरी बंद होणार होती. त्यावर निर्णयासाठी स्थानकाजवळच्या सभागृहात अकरा वाजता बैठक ठरली. आक्का पेटून उठल्या. दारोदार फिरून त्यांनी माणसे गोळा केली, पुठ्ठ्याचे फलक रंगवले. माझ्यासाठी कोणी एवढे कष्ट घेत आहे हे पाहून माझा जुना पत्राही तापला.

बैठकीच्या दिवशी दहा वाजता मी तळ्यावरून खाली निघाले. आत एकच प्रवासी होता, वही घेतलेला एक शांत गृहस्थ. तिसऱ्या वळणावर वाहतूक तुंबली. पुढे मोटारीच मोटारी होत्या, आणि प्रत्येकीच्या मागच्या काचेवर फलक होता: 'आमची बस वाचवा'.

गृहस्थाने वही उघडली. तोच मुख्य कचेरीचा अधिकारी होता. न सांगता मोजणी करायला आला होता.

"ही अगदी पुढ्यातली मोटार कोणाची हो?" त्याने विचारले.

हळूकाकांनी हँडब्रेक ओढला. "माझ्या बहिणीची."

"भाऊजी, हॉर्न तरी वाजवा!" मावशी कळवळली.

"कशाला? ती माझ्यासाठीच चालली आहे."

आम्ही चाळीस मिनिटे उशिरा पोहोचलो. सभागृहात काय झाले ते मावशीने मागाहून सांगितले. अधिकारी म्हणाला, "बसमध्ये मी एकटा होतो. तिला वाचवायला आलेल्या मोटारी सव्वीस." आक्का उठल्या. "बस वेळेवर पोहोचेल याचा भरवसा वाटला नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "आणि तिची वाट आम्हीच अडवून बसलो होतो." अधिकाऱ्याने एक हंगाम दिला. दर फेरीला वीस प्रवासी दिसले, तर मी राहीन.

त्या दुपारी आक्कांनी आपली मोटार स्थानकावरच सोडली आणि त्या माझ्यातून वर गेल्या. पहिला आठवडा मी भरून धावले. दुसऱ्यात कोणाला घाई होती, कोणाकडे सामान होते. काल अकरा प्रवासी होते. आक्का त्यांतल्या एक, त्या रोज सकाळी खाली येतात, आगगाडीतून उतरणाऱ्या पाहुण्यांपुढे उभ्या राहतात आणि म्हणतात, "मोटार कशाला शोधता? या, ही आपली बस." कोणी येतात. पुष्कळसे हसून पुढे जातात.

हंगाम संपायला नऊ दिवस उरले आहेत. मित्रांनो, माझी मोडतोड झाली तर दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत, पण रिकामी आसने कोणत्याही कारखान्यात दुरुस्त होत नाहीत. तुम्ही कधी सुट्टीत तळे पाहायला निघालात, तर घरातल्या मोठ्यांना एवढे सांगा. मला वाचवायचे असेल, तर माझ्यासाठी येऊ नका, माझ्यातून या.