मागे, पुन्हा मागे

मी टीव्हीचा रिमोट बोलतोय. घाईघाईनेच बोलतोय, कारण या घरची सून कामावरून आली की मला उसंत नाही.

पूर्वी मी तिच्या सासऱ्यांच्या ताब्यात होतो. त्यांना ऐकू कमी येतं. परक्या भाषेतले सिनेमे लावून खाली उमटणारा अनुवाद वाचत ते मजेत बसायचे आणि मी सोफ्यावर लोळायचो.

सून बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स. परका देश, आणि भाषा त्या सिनेमांतलीच. ती भाषा तिने पुस्तकातून शिकलेली, परीक्षेत अगदी पहिली आलेली. पण एकदा रडवेली होऊन घरी आली.

"बाबा, कळा सोसणारी बाई काहीतरी मागत होती. मला एक शब्द कळेना. शेवटी तिने तोंडच फिरवलं."

"अगं, कळा येताना पुस्तकातल्यासारखं कोण बोलतं?"

झालं! तिने सासऱ्यांचा सिनेमा लावला, पडद्याच्या खालच्या ओळींवर टॉवेल टाकला आणि मला हातात घेतलं. सिनेमातली माणसं तोंडात घास ठेवून बोलत, जिन्यावरून धावत बोलत, रडताना अर्धे शब्द गिळत. तिला तेच हवं होतं. थांब. मागे. पुन्हा मागे. माझा जीव मेटाकुटीला आला.

सासरे वैतागले. "माझ्या ओळी झाकल्यास. मी काय आता भिंत बघू?"

"मी सांगते ना, काय म्हणतात ते!"

ती सांगू लागली. चुकायचीही. "बाबा, तो म्हणतोय, मी येतो."

"छे! येणाऱ्याचं तोंड असं असतं होय? परत ऐक."

मी मागे गेलो. तो माणूस म्हणत होता, मी येणार नाही.

असे कितीतरी सिनेमे झाले. काल ती दारातूनच ओरडली, "बाबा, आज एक बाई दात आवळून पुटपुटली, आणि मला कळलं!"

"काय म्हणाली?"

"हात धर, म्हणाली. बाळ होईपर्यंत सोडला नाही मी."

सासऱ्यांनी मला उचलून तिच्या हातात ठेवलं. मग म्हणाले, "चल, पुढचा सिनेमा लाव."

माझ्या बटणांवरची चिन्हं पुसली गेलीत, पाठीचं झाकण रबराने बांधलंय. नवा रिमोट आणायचं चाललंय. खुशाल आणा. जाताना एवढंच मागतो: तुमची भाषा शिकणारं कुणी "काय म्हणालात?" असं विचारलं, तर वैतागू नका. परत सांगा. तुम्हाला मागे न्यायचं बटण त्यांच्या हातात नसतं.