माझी पाठ कोणी शिवली?

साहेब, माझी पाठ तुम्ही शिवून बंद केलीत. कोणाला विचारून?

मित्रांनो, मी एक जुनी कापडी बाई आहे. खुर्चीत बसलेली, चांगली माणसाएवढी. एका लहान मुलीची आई वारली, तेव्हा तिच्या मावशीने मला शिवलं. आपल्या त्या बहिणीचे जुने सुती गाऊन कापले, उलटे शिवून सुलटे केले आणि आत कापूस ठासला. मांडीला दुहेरी शिवण घातली, कारण तिथे पोर बसणार होती. पाठीला मात्र वीतभर फट ठेवली, नुसत्या कच्च्या टाक्यांची.

शेजारचा शिंपी हसला. "अगं, बाईची पाठ उघडी! सर्दी होईल तिला."

"होऊ दे. कापूस दबला की हात घालून मोकळा करावा लागतो. आणि ताईला पाठ चोळून घ्यायची सवयच होती."

मुलगी माझ्या मांडीवर बसून धडे वाचायची. अधूनमधून मावशीचा हात माझ्या आत फिरायचा. तेव्हा मी कोण, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग तुम्ही आलात, कलादालनाचे मोठे साहेब. "थोडे दिवस प्रदर्शनाला द्या," म्हणालात. मावशी हरखून गेली. तुमच्या माणसांना पाठीची फट दिसली. काम अर्धवट राहिलंय, असं समजून त्यांनी ती बारीक टाक्यांनी पक्की बंद केली आणि मला काचेत बसवलं.

कापूस दबला. मान लटकली, मांडी खचली. आता लोक काचेपुढे उसासे टाकतात. "काय दुःख आहे हो त्या मानेत!"

कसलं डोंबलाचं दुःख? कापूस बसलाय! पण रोज ऐकून मलाही वाटू लागलंय, मी खरंच दुःखी आहे की काय? की मी नुसती उशी? की आई? माझंच मला कळेना.

काल मावशी मुलीला घेऊन आली. "साहेब, पाठ उसवते, कापूस मोकळा करते आणि हिला घरी नेते."

"छे छे! मान खाली आहे, हाच तर तिचा अर्थ. हात लावायचा नाही."

मुलीने काचेला नाक टेकवलं. "मावशी, ही मान वर का करत नाही? माझ्यावर रागावली का?"

मावशी नुसती काच पुसत राहिली.

मित्रांनो, कापडाची वस्तू हाताने जपा. काचेत ती गुदमरते.

आणि साहेब, ती पोरगी उद्या पुन्हा येणार आहे. मी रागावलेली नाही, हे तिला कोण सांगणार? तुम्ही? बोला!