बिस्किटाच्या डब्यातली गुणगुण

थोरली मुलगी लिफ्ट दुरुस्त करायची. आठ-आठ माणसं तिच्या भरवशावर सातव्या मजल्यावर जात. पण बाबांनी बनवलेला बिस्किटाचा डबा उघडताना तिनेच तीनदा स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

डबा म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा फोनो स्टेज. सुई तबकडीवरून जो आवाज उचलते तो मुंगीच्या शिंकेएवढा. त्याला माणसांत आणायचं काम या डब्याचं. बाबांनी त्यातच वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मरही कोंबला होता, जागा होती म्हणून. त्यामुळे बत्तीस वर्षं डबा गुणगुणत होता. गाण्याआधी हूंऽऽ, गाण्यानंतर हूंऽऽ, मधेही मागून हूंऽऽ. बाबा म्हणायचे, "चालू आहे हे कळायला नको?"

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून आईने प्लेअरवर चादर घातली होती आणि स्वतःचं गाणंही बंद केलं होतं. एके काळी ही बाई दाढ काढून घरी आल्या आल्या गायली होती, निम्म्या तोंडाने. आवाज स्वच्छ झाला की आई पुन्हा गाईल, असं थोरलीने मनाशी पक्कं केलं.

देखरेखीला मामा होते. म्हणजे खुर्चीत होते.

"ती घरघर फ्रिजमुळे होते," मामा म्हणाले.

"मामा, फ्रिज बंद आहे."

"मग बंद फ्रिजमुळे."

थोरलीने जुना ट्रान्सफॉर्मर काढून भंगाराच्या पिशवीत टाकला. वीजपुरवठ्यासाठी वेगळी पेटी केली, नवा ट्रान्सफॉर्मर, नवे कपॅसिटर, वीज एकसारखी ठेवणारा रेग्युलेटर, आणि ती दोन हात लांब ठेवून मधे केबल टाकली. रविवारी सकाळी आईला बोलावलं. आई केस विंचरून आली.

बटण दाबलं. काही नाही.

"बंद पडलंय का गं?"

"चालू आहे, आई."

"मग बोलत का नाही?"

थोरलीने सुई टेकवली. गाणारीचा श्वाससुद्धा ऐकू आला. मामा म्हणाले, "ही बाई श्वास घेते हे मला आज कळलं!"

आईने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं, सूर घसरला.

"सापडत नाही गं."

"काय?"

"सूर. तो आधी द्यायचा ना, हूं म्हणून."

थोरलीला एकदम शाळेतले संगीताचे मास्तर आठवले. "तुझा सूर पांढऱ्या आणि काळ्या पट्टीच्या मधल्या फटीत आहे," ते म्हणाले होते, "तिथे फक्त धूळ असते." धाकट्या भावालाही त्यांनी हेच ऐकवलं होतं. मास्तरांना वाटलं, या घराण्याच्या रक्तातच खोट. खोट कसली? सगळं घर ट्रान्सफॉर्मरकडून सूर घेत होतं. आणि तो आता भंगारात होता, तिने स्वतःच्या हाताने टाकलेला.

तिने पिशवी जमिनीवर ओतली. जुना ट्रान्सफॉर्मर सापडला. आईने न विचारता शिवणाच्या डब्यातली बटणं मामांच्या मांडीवर रिकामी केली. थोरलीने ट्रान्सफॉर्मर त्या डब्यात घट्ट बसवला, त्याला स्वतंत्र वायर आणि प्लग लावला आणि डबा हळूहळू फोनो स्टेजजवळ सरकवू लागली. वीतभर अंतर राहिलं तेव्हा त्याची चुंबकीय लहर आत शिरली.

हूंऽऽ.

"आता हा करतो काय?" मामांनी विचारलं.

"काही नाही. नुसता असतो."

"माझ्यासारखा," मामा म्हणाले आणि मांडीवरची बटणं सांडू नयेत म्हणून हललेच नाहीत.

आई डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "बाबांना जरा अलीकडे ओढ."

थोरलीने डबा चार बोटं अलीकडे ओढला, तसा आवाज वाढला. आईने सूर धरला आणि गायला लागली, फटीत, अगदी बरोब्बर. रेकॉर्डमधली बाई भलत्याच पट्टीत गात होती. तिचं ती बघून घेईल. बत्तीस वर्षं घेतच होती.