डावी बाजू शेवटी

छत

गाडी धुवायची तर वरून खाली. हे उस्तादांनी इतक्या जणांना ऐकवलं होतं, की ते येताना दिसले तरी गल्लीतली माणसं घाईघाईने छतावर पाणी मारायला लागत. मळ वरून खाली येतो, त्यामुळे खालून सुरुवात केली तर धुतलेलंच पुन्हा धुवावं लागतं. आधी नुसतं पाणी सोडायचं आणि चिखल भिजून आपणहून सुटेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. चिखलात वाळू असते, आणि फडक्याखालची वाळू रंग सोलून काढते. त्यानंतर दोन बादल्या, एक साबणाची आणि एक फडकं खळबळून घ्यायची. चाकं अगदी शेवटी, आणि त्यांचं फडकं वेगळं. ते ओळखू यावं म्हणून त्याला गाठ मारून ठेवलेली.

नळासाठी रस्ता खणून ठेवला होता, त्यामुळे या आठवड्यात गाडी खिडक्यांपर्यंत चिखलाने माखली होती. रविवारची सकाळ होती आणि अंगणात अजून सावली होती. उन्हात धुतलं की थेंब वाळून डाग पडतात, म्हणून उस्तादांना सावलीच लागे.

बायको दारात स्टुलावर बसली होती. उजव्या हातात पाण्याचा पाइप, डावा हात मांडीवर ठेवलेला. सोमवारी आणि गुरुवारी दवाखान्यात मशीन तिचं रक्त धुऊन परत देई, आणि त्या सुया डाव्या हातात जात. त्या हाताने आता तांब्यासुद्धा उचलायचा नव्हता.

आज धुऊ नका, असं ती सकाळपासून तीनदा म्हणाली होती. एकदा वारा सुटलाय म्हणून, एकदा पाणी जाईल म्हणून आणि एकदा उगाच. उस्तादांनी तिन्ही कारणं मान हलवत ऐकली आणि बादल्या भरल्या.

काचा

काचांपाशी आलोच आहोत, तर डोळ्यांचंही सांगून टाकू.

एकतीस वर्षं उस्तादांनी बस चालवली आणि बसला ओरखडा येऊ दिला नाही. डेपोने दिलेलं उस्ताद हे नाव निवृत्तीनंतरही अंगाला चिकटून राहिलं. महिन्यापूर्वी ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकटेच गेले होते. डॉक्टरांनी एका भांड्यासारख्या यंत्रात डोकं घालायला लावलं आणि ठिपका दिसला की बटण दाबा म्हणून सांगितलं. उजवीकडचे ठिपके त्यांनी टपाटप टिपले. डावीकडचे आले कधी नि गेले कधी, पत्ता लागला नाही. डाव्या बाजूचं बरंचसं गेलंय, राहिलेलं जपू, असं डॉक्टर म्हणाले. गाडी चालवू नका, हेही म्हणाले. उस्तादांनी कागद घडी करून खिशात घातला आणि गाडी चालवत घरी आले.

घरी सांगितलं की चष्म्याचा नंबर थोडा वाढलाय.

कारण आठवड्यातून दोनदा तिला न्यायचं कोणी? ती मशीनवरून उठते तेव्हा पिळून टाकलेल्या फडक्यासारखी झालेली असते. मागची सीट तिला सहन होत नाही, खड्डा लागला की पोटात ढवळतं. खड्डे कसे चुकवायचे ते उस्तादांना ठाऊक. गाडी गेली तर त्यांच्या हातात दुसरं काय उरतं, हा प्रश्न त्यांनी स्वतःलासुद्धा विचारलेला नव्हता.

समोरची काच पुसताना आतल्या डॅशबोर्डवर त्यांना नेहमीचा पुसट गोल दिसला. तिच्या बोटांनी तिथली चमक गेली होती. ती त्यांची कंडक्टर. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती गमतीने बसमधल्यासारखी घंटी द्यायची, डॅशबोर्डवर एक टिचकी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मधल्या काळात ते राहून गेलं. पण गेल्या वर्षा-दीड वर्षात तिने पुन्हा सुरू केलं होतं. वळणावर टिचकी, चौकात टिचकी. म्हातारपणी हिला लाड सुचलेत, असं म्हणून उस्ताद मनात खूश व्हायचे.

उजवी बाजू

उजवी बाजू चटकन झाली. इथे सांगण्यासारखं काही नाही, म्हणून शुक्रवारचं सांगतो.

पलीकडच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या ताई राहतात. गुरुवारी संध्याकाळी त्या कोपऱ्यावर स्कूटर उभी करून कपड्यांच्या पिशव्या सोडवत होत्या. कुठलीशी गाडी स्कूटरला घासून गेली, थांबली नाही. स्कूटर ताईंच्या अंगावर कलंडली आणि डावं मनगट मोडलं. आता सहा आठवडे प्लास्टर. मशीनवर कापड सरकवतो तो हात डावा, उजवा नुसती दिशा देतो, असं ताईंनी सगळ्यांना समजावून सांगितलं होतं, जणू हात कुठला मोडावा हे आधी त्यांना विचारायला हवं होतं.

शुक्रवारी उस्ताद केळी घेऊन बघायला गेले. ताईंच्या शिवणाच्या दुकानात चार माणसं जमली होती, आणि चार माणसं जमली की उस्तादांचं तोंड सुटायचंच. ते म्हणाले, असल्या माणसाचं लायसन्स फाडून त्याच्याच हातात द्यायला पाहिजे. डोळे विकून खाल्लेत की काय मेल्याने? सगळ्यांनी माना डोलावल्या.

ताई म्हणाल्या, "उस्ताद, तुम्ही असता ना, तर नुसती स्कूटर नाही, तिची सावलीसुद्धा चुकवली असतीत."

ते वाक्य उस्तादांनी घरी आल्यावर बायकोला दोनदा ऐकवलं. तिने ताट तसंच सरकवून ठेवलं.

डावी बाजू

अजून नाही. डावी बाजू भिंतीला लागून आहे.

मागची बाजू

डिकी झाली, नंबरप्लेट झाली. आता गाडी पुढे घेऊन भिंतीपासून मोकळी केली की डावीकडे शिरता येईल. उस्ताद आत बसले, चावी फिरवली, खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाले, "कंडक्टर, घंटी."

बायकोने घंटी दिली नाही. पाइप तिच्या पायाशी वाहत होता.

त्यांनी गाडी तशीच पुढे घेतली.

डावी बाजू, आता

चिखल विरघळून ओघळला. साबण फिरवला. शेवटी उस्तादांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले आणि ओल्या पत्र्यावरून तळवा फिरवला, कारण जे डोळ्याला दिसत नाही ते हाताला कळतं. मागचं दार गुळगुळीत लागलं. पुढच्या दारापाशी हात अडला.

डोळे उघडून ते खाली वाकले. तिथे वीतभर लांबीचा पट्टा होता. वाळलेला चिखल असेल म्हणून त्यांनी पुन्हा साबण लावला, नखाने खरवडलं. पट्टा उजळला. पांढऱ्या गाडीवर आकाशी रंग.

ताईंच्या कोपऱ्यावर आकाशी रंगाची स्कूटर एकच उभी राहते.

गुरुवारी संध्याकाळी त्याच कोपऱ्यावर डावीकडे खर्र झालं होतं. त्यांनी विचारलंही होतं, काय गं? ती दचकून म्हणाली होती, फांदी असेल. पुढे त्यांनी काही विचारलं नाही. एकतीस वर्षं कंडक्टरच्या शब्दावर बस मागेपुढे केलेला माणूस. डावीकडचं तिने सांगितलं की झालं.

"फांदी म्हणालीस," उस्ताद म्हणाले.

"डोळा लागला होता माझा." ती स्टुलावरून हलली नाही. "मशीनवरून उठलं की लागतोच. एरवी मांडीला चिमटे काढून जागी राहते. गुरुवारी नाही जमलं."

"एरवी म्हणजे?"

"तुम्हाला डावीकडून आलेला दूधवाला दिसला नाही ना, तेव्हापासून."

उस्तादांनी मनात मागे मोजलं. दूधवाला वाचला त्याला वर्ष उलटून गेलं होतं. डॉक्टर, तो कागद, चष्म्याचा नंबर हे सगळं नंतरचं. म्हणजे ती टिचकी गंमत नव्हती. इतके दिवस रस्ता ती बघत होती, ते नुसतं स्टिअरिंग धरत होते.

"रॉकेल मोरीत आहे, खिडकीखाली," ती हळू आवाजात म्हणाली. "दोन मिनिटांचं काम. कोणी बघितलेलं नाही."

ते उठून रॉकेल घेऊन आले. चाकांचं गाठीचं फडकं त्यात बुडवलं आणि घासायला लागले. रंग मुकाट्याने निघत होता. चार बोटं निघाला, खाली त्यांचा पांढरा रंग शाबूत होता. ओरखडासुद्धा नाही. कोणी तळवा फिरवला असता तरी कळलं नसतं.

निम्म्यावर आल्यावर त्यांनी सहज वर बघितलं. बायकोचा डावा हात मांडीवर तसाच पडलेला होता, एखादी वस्तू ठेवावी तसा. दुसऱ्या गल्लीत दुसरा एक डावा हात असाच ठेवलेला होता.

त्यांनी फडकं बादलीत टाकलं. स्वच्छ पाण्याच्या बादलीत. असं त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

"ताईंना सांगून येतो," ते म्हणाले.

"मीच सांगते. मी झोपले म्हणून झालं."

"गाडी कंडक्टर चालवत नाही."

तिने विचारलं, "आणि उद्या?"

उद्या सोमवार. टॅक्सीवाला खड्डा बघून चालवेल का, मागे ती कशी बसेल, येताना मान कलंडली तर कोण धरेल, हे उस्तादांच्या डोक्यात एकामागून एक येत गेलं, आणि कुठल्याच ठिकाणी थांबायला जागा नव्हती. त्यांनी चावी काढून दारातल्या खिळ्याला अडकवली. मग तीही नको वाटली, काढून तिच्या उजव्या हातात दिली.

ते फाटकापाशी पोचले तेवढ्यात मागे स्टुलावर एक टिचकी वाजली. ते थांबले. तिने चपला शोधल्या, भिंतीचा आधार घेत अंगण ओलांडलं आणि येऊन त्यांच्या डावीकडे उभी राहिली, जिथे ती त्यांना दिसत नव्हती.

त्यांच्या कोपरावर दोन टिचक्या पडल्या.

दोघं रस्त्याकडेने सावकाश चालू लागले. मागे अंगणातली सावली सरकली होती. गाडी कोणी पुसलीच नव्हती. छतावरचे थेंब उन्हात वाळत होते, आणि एकेकाचा पांढरट डाग पडत होता.