खोडलेली ओळ

"सबब, मुलीला उद्याच बालगृहात परत पाठवावे," साहेब म्हणाले आणि माझी पेन्सिल थांबली.

अकरा वर्षं मी त्यांचा शब्दन् शब्द लघुलिपीत उतरवत होते. पेन्सिल कधी थांबली नव्हती. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय बाई, टोक मोडलं?"

"नाही, साहेब."

"मग?"

स्टेनोनं बोलायचं नसतं. टेबल, खुर्ची आणि स्टेनो, यांना कोर्टात मत नसतं, असं आमचा शिपाई म्हणायचा. मी घोटभर पाणी प्यायले.

मुलगी आठ वर्षांची. कोर्टानंच तीन वर्षांपूर्वी तिला एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडे सांभाळायला दिलं होतं. बालगृहाच्या अधिकाऱ्यानं दर महिन्याला त्या घरी जाऊन यायचं. तो वर्षभर फिरकलाच नाही, म्हणून शिंपीणबाईंनी तक्रार केली. सुनावणी झाली, आणि पाठोपाठ त्याचा अहवाल बंद पाकिटात साहेबांकडे आला. त्यात लिहिलं होतं : चौदा तारखेला भेट दिली. मुलीची आबाळ होते. केसांच्या जटा, त्यांत उवा. शिंपीणबाईंना या अहवालाचा पत्ताच नव्हता.

"साहेब, चौदा तारखेला तिला केसच नव्हते."

त्यांनी नुसत्या भुवया उचलल्या. मी वहीची पानं मागे उलटली. सुनावणी गेल्या महिन्यात, बारा तारखेला झाली होती. साहेब मधेच "हे लिहू नका" म्हणत, पण तोवर माझं लिहून झालेलं असे. मग मी त्यावर एक बारीक रेघ ओढत असे. खालचं सगळं वाचता यायचं.

मी खोडलेलं वाचून दाखवलं. "शिपाई : ए पोरी, टोपी काढ, कोर्ट आहे. मुलगी : डोक्यात नायटा झालाय, डॉक्टरांनी गोटा केलाय. साहेब : असू दे गं टोपी, छान आहे. हे लिहू नका."

साहेबांनी अहवाल पुन्हा वाचला. मग सावकाश म्हणाले, "उद्या सगळ्यांना बोलवा."

दुसऱ्या दिवशी अधिकारी इस्त्रीच्या कपड्यांत आला. साहेबांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "तुम्ही गेलात तेव्हा मुलीच्या डोक्यावर टोपी होती का?"

"टोपी? छे, साहेब! केस मोकळेच होते. पार खांद्यापर्यंत."

मागच्या बाकावर मुलगी बसली होती. कापडाच्या तुकड्यांची पिवळी टोपी तिनं दोन्ही हातांनी हळूच काढली. महिनाभरात डोक्यावर जेमतेम बोटाच्या अर्ध्या पेराएवढे केस आले होते.

साहेबांनी अहवाल मिटून बाजूला ठेवला.

मुलगी शिंपीणबाईंकडेच राहिली. जाताना बाईंनी साहेबांना हात जोडले, वकिलाला जोडले, शिपायालाही जोडले. मुलीनं दाराशी वळून टोपी हलवली. मी खाली बघून पेन्सिलीला टोक करत होते.

साहेबांची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारली होती. दुपारी ते आतल्या खोलीत एकटे डबा खात, मी बाहेरच्या खोलीत. मधलं दार अकरा वर्षं बंद असायचं. त्या दुपारी त्यांनी ते उघडं ठेवलं. आम्ही आपापल्या टेबलाशी जेवलो. मला त्यांच्या डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला, एवढंच. पुढल्या महिन्यात त्यांची बदली झाली. नव्या साहेबांनी आपला स्टेनो सोबत आणला.

परवा भाची कपाट आवरत होती. "आत्या, या वह्या रद्दीत घालू? या किरट्या रेघा वाचतंय कोण?"

"मी वाचते."

"कधी गं?"

मी वही तिच्या हातातून काढून घेतली. ती गेल्यावर खिडकीशी बसून ते पान काढलं. त्या दुपारी दारातून आलेलं एकच वाक्य आहे. "बाई, तुम्ही नसतात, तर मी त्या पोरीचं... जाऊ द्या. हे लिहू नका."

त्यावर माझीच बारीक रेघ आहे, सरळ, पट्टीनं ओढल्यासारखी.