बुजवलेलं भोक

मला पाहून नाक मुरडू नका, मित्रांनो. मी एक जुना, गॅसवर चालणारा गीझर आहे. न्हाणीघराच्या भिंतीवर मी टांगलेला असतो. नळ सोडला की माझ्या पोटात ज्योत पेटायची आणि कढत पाणी यायचं. ज्योतीचा धूर पाइपातून, भिंतीतल्या भोकातून बाहेर जायचा. पहिल्या मालकांचं घर माझं कोण कौतुक करायचं! पुढे सवय झाली नि कौतुक आटलं. कित्येक वर्षं माझ्या अंगावरून साधं फडकंही फिरलं नाही. असो, जगाची रीतच ती.

मग घर विकायला निघालं. मालक म्हातारे झाले होते, त्यांना लेकीकडे राहायला जायचं होतं. लोक येत, पाहत आणि परत जात. शेवटी एजंटने बाहेरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे माझ्या धुराचे काळे ओघळ होते.

"काका, हे भोक आधी बुजवा. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पहिलं तेच खुपतं."

"अरे, पण गीझरचा धूर तिथूनच जातो ना!"

"मग चार दिवस गार पाण्याने आंघोळ करा. पुढचं नवा मालक बघून घेईल."

पाइप कापला, भोक लिंपलं, वर रंग फासला. लवकरच गिऱ्हाईक आलं. आई, बाबा आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी.

"गीझर चालू आहे ना?" बाबांनी विचारलं.

"एकदम ठणठणीत," मालक म्हणाले. ठरत आलेला व्यवहार फिसकटू नये म्हणून त्यांनी भोकाबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी भिंतीवर तडफडत होतो, पण मला कुठलं तोंड!

राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी मुलगी दार लावून न्हायला गेली. धूर आतच कोंडला. त्यात विषारी वायू असतो, त्याला ना रंग ना वास.

"अगं, किती वेळ? ये ना आता बाहेर!" आई दार वाजवत राहिली. बाबांनी दार फोडलं, तेव्हा सगळं संपलं होतं.

लोक म्हणाले, जुन्या गीझरने घात केला. चोर सोडून संन्याशाला फाशी! पण मला राग आला नाही, रडू आलं. पुढे बाबांनी भिंत ठोकून पाहिली आणि लिंपलेलं भोक त्यांना सापडलं. छिन्नीने त्यांनी ते स्वतः मोकळं केलं.

आता हे घर पुन्हा विकायला काढलंय. नवा एजंट म्हणाला, "झालं ते कुणाला सांगू नका, साहेब. घर पडून राहील."

"राहू दे. मी प्रत्येकाला सांगणार."

ते सांगतात आणि लोक परत जातात.

मित्रांनो, घर बघायला गेलं की मोठी माणसं रंग बघतात. तुम्ही सोबत असाल तर न लाजता विचारा, 'इथला धूर कुठून बाहेर जातो?' आमच्या मुलीसाठी हे कुणीच विचारलं नाही.